निनवे: सन्हेरीबचा फोडलेला चेहरा आणि योनाचा मासा

वाटसरू_लंडन

पावसापाण्याचं कुठे जायचं सुचेनासं झालं की मी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसतो. एकतर फुकट, दुसरं म्हणजे उबदार. गेल्या शनिवारी असाच गेलो आणि लाखीशच्या खोलीत दोन तास अडकलो. तिथे जे पाहिलं ते लिहून काढल्याशिवाय चैन पडेना, म्हणून हा धागा.

खोलीच्या भिंतींना लागून दगडी शिल्पपट्ट आहेत. इराकमधल्या मोसुल शहरासमोर, टायग्रिसच्या पूर्व काठावर निनवे होतं. तिथल्या सन्हेरीब या असिरियाच्या, म्हणजे बायबलातल्या अश्शूरच्या, राजाच्या वाड्यातल्या एका दालनाचे हे पट्ट. विषय एकच: इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदाच्या राज्यातलं लाखीश हे तटबंदीचं गाव राजाने कसं घेतलं. उतरणीवरून तट फोडायची यंत्रं वर चढताहेत. वरून लोक पेटते पलिते फेकताहेत. आणि एका यंत्रात बसलेला असिरियन शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओततोय, आग लागू नये म्हणून. अख्ख्या लढाईत माझं लक्ष त्या पळीवाल्यावरच खिळलं.

पुढे गावातून लोक बाहेर पडताहेत. बैलगाडीत बोचकी, बोचक्यांवर बायका आणि पोरं, बैलांच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आलेल्या. बाजूलाच तिघांना सुळावर चढवलंय. शेवटी एका टेकडीवर सिंहासनात राजा. शेजारी मजकूर कोरलाय, त्याचा आशय असा: सन्हेरीब, जगाचा राजा, अश्शूरचा राजा, आसनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली.

आणि राजाला चेहराच नाही. बाकी सगळं शाबूत, चेहरा तेवढा ठोकून फोडलेला. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं, तेव्हा आत घुसलेल्यांपैकी कुणीतरी हे केलं असावं असं मानतात.

आता गंमत बघा. बायबलच्या '२ राजे' या पुस्तकात ही स्वारी आहे. तिथे लाखीशचा उल्लेख ओझरता: यहूदाचा राजा हिज्कीयाने लाखीशला असलेल्या अश्शूरच्या राजाकडे निरोप पाठवला, 'चुकलो, तुम्ही म्हणाल ते देतो.' सगळा भर यरुशलेम या राजधानीवर. परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० असिरियन मारले आणि राजा घरी परतला.

सन्हेरीबने स्वतः मातीच्या सहा बाजूंच्या खांबुल्यांवर हीच मोहीम लिहून घेतली. त्यात लाखीशचं नावच नाही! तो म्हणतो, ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेममध्ये 'पिंजऱ्यातल्या पाखरासारखं' कोंडलं. कोंडलं म्हणतो, शहर घेतलं म्हणत नाही.

खंडणीचा आकडा पाहा. सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप), तंतोतंत. चांदी बायबलात ३००, सन्हेरीबकडे ८००. देणाऱ्याचा हिशेब आणि घेणाऱ्याचा हिशेब, दुसरं काय.

माझं म्हणणं एवढंच की बायबल आणि निनवे हा विषय निघाला की एक गट 'बघा, सगळं खरं ठरलं' म्हणतो आणि दुसरा 'सगळ्या भाकडकथा'. आपण मराठी लोक बखरी वाचत मोठे झालो. बखर कशी वाचायची ते आपल्याला ठाऊक आहे. तसंच हे वाचावं.

बोरूबहाद्दर

मस्त. जागा धरून ठेवतो.

खडूस_आजोबा

लेख आवडला, पण बखरीच्या उपमेवर आक्षेप नोंदवतो. बखर बहुतेक वेळा घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली असते. सन्हेरीबच्या मजकुराची सगळ्यात जुनी प्रत मोहिमेनंतर वर्षभरातली, म्हणजे इ.स.पू. ७०० ची आहे. हा अस्सल कागद झाला. बायबलातला मजकूर नंतर संपादित झालेला. मग दोघांना एका तागडीत कसं तोलता?

वाटसरू_लंडन

आजोबा, कागद अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो लिहवून घेतलाय कुणी? राजाने. देवाला आणि पुढच्या राजांना दाखवायला. समकालीन माणूसही थापा मारतो, उलट ताज्या ताज्या मारतो.

सन्हेरीबच्याच मजकुरात एक वाक्य त्याला नकळत बोलून जातं. खंडणी हिज्कीयाने 'माझ्या मागून निनवेला पाठवली' असं तो लिहितो. एरवी हरलेला राजा येऊन पाय धरतो आणि खंडणी जागेवर मोजून घेतात. इथे सन्हेरीब आधी घरी गेला आणि पैसे मागून आले. का, ते तो सांगत नाही. तिकडे रोगराई झाली, इजिप्तचं सैन्य आलं, की खंडणी कबूल झाल्यावर वेढा चालवण्यात अर्थ उरला नाही, यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराकडे तर वेगळीच कथा आहे: इजिप्तच्या सरहद्दीवर उंदरांनी रात्रीत सन्हेरीबच्या सैन्याच्या धनुष्याच्या दोऱ्या कुरतडल्या.

आणि वाड्यात एवढं मोठं दालन सजवलं ते लाखीशचं. यरुशलेम घेतलं असतं तर ते कोरलं नसतं का?

खडूस_आजोबा

हा मुद्दा मान्य. उंदीर अमान्य.

नौगावची_पोर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. माहेर अलिबागकडचं, आता ठाण्यात. निनवे हे नाव मला शाळेच्या आधीपासून ठाऊक आहे, कारण योम किप्पूरच्या, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये बायबलातलं योनाचं पुस्तक वाचतात. (आमचे जुने लोक सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायचे. आजी म्हणाली की 'मशिदीत चल', तर शेजारचे नवे भाडेकरू चक्रावायचे.)

जवळजवळ चोवीस तास पोटात पाण्याचा थेंब नाही, डोकं दुखतंय, आणि त्या वेळी ही गोष्ट येते. देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि त्यांना सांग की तुमचं पाप भरलं. योना उलट दिशेला जाणारी बोट पकडतो. वादळ, समुद्रात फेकणं, मोठा मासा, तीन दिवस पोटात. मग निमूट निनवेला जातो. निनवेकर चक्क ऐकतात! राजा राखेत बसतो, सगळे उपास करतात, गोणपाट नेसतात, गुरंढोरंसुद्धा. गोणपाट नेसलेल्या गायींवर आम्ही पोरं दरवर्षी खुसखुसायचो आणि दरवर्षी आजीचा चिमटा खायचो.

पण तो भाग संपला की पुढचा विसरला जातो. देव निनवेला माफ करतो म्हणून योना चिडतो. शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला झाड उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा लावून ते सुकवतो. योना झाडासाठी हळहळतो. तेव्हा देव म्हणतो, एका झाडासाठी तुला एवढं वाटतं, मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं ज्यात आहेत त्या शहराचं मला वाटू नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते नाहीच.

वाटसरूंनी सुळावर चढवलेल्या तिघांचं लिहिलंय ना, ते वाचून पहिल्यांदा कळलं की योना पळाला का असेल. आजवर मला तो आळशी वाटायचा.

साळुंकी

ताई, काय सुंदर लिहिलंय. गुरांचं तर फारच.

दगडधोंडे

पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, म्हणून थोडं पाणी ओततो (पळीने).

योना हा '२ राजे' मध्ये इ.स.पू. आठव्या शतकात, यराबाम दुसरा याच्या काळात येतो. तेव्हा निनवे जुनं आणि मोठं गाव होतं, इश्तार देवीचं ठाणं होतं, पण राजधानी नव्हती. राजधानी दक्षिणेला कालह, म्हणजे आजचं निमरूद. निनवेला राजधानी केलं ते सन्हेरीबनेच, इ.स.पू. ७०५ नंतर. 'निनवेचा राजा' अशी पदवीही असिरियन राजे लावत नसत. योनाच्या पुस्तकात शहर चालायला 'तीन दिवसांची वाट' म्हटलंय, तर भिंतीचा घेर साधारण १२ किलोमीटर, एका सकाळचं काम. आणि एवढा मोठा पश्चात्ताप झाल्याची नोंद एकाही विटेवर नाही. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक शहर पडल्यानंतर बऱ्याच काळाने लिहिलेलं धरतात.

पण नौगावच्या ताईंनी सांगितलेला शेवट मला त्यामुळेच जास्त भारी वाटतो. शहर जळून राख झालंय, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी प्रश्न तोच.

बायबलातलंच नहूमचं पुस्तक याच्या अगदी उलट. त्याला निनवेचं काही वाटत नाही, तो खूश आहे. रक्तपाती नगरी, चाबकांचे आवाज, चाकांचा खडखडाट, मढ्यांचे ढीग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड स्ट्रोनॅक यांच्या चमूने हल्झी दरवाजा खणला. दरवाजाच्या बोळात सांगाडे सापडले, एकमेकांवर पडलेले, मध्ये बाणांची टोकं. एक लहान मूलही. कुणी पुरलेलं नव्हतं, पडले तसेच राहिले. बॅबिलोनी इतिवृत्तात वेढ्याची नोंद आहे: बॅबिलोनचा नबोपोलस्सर आणि इराणमधल्या मीड लोकांचा राजा एकत्र आले, तीन महिने लढले, शहर पडलं.

सुमार_कवी

योनाच्या माशावरून: निनवेचं नाव लिहायचं एक कीलाक्षरी (मातीवर खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायच्या लिपीतलं) चिन्ह असं आहे की घराच्या खुणेच्या आत मासा! म्हणजे मासा योनाच्या आधी हजार-दीड हजार वर्षं तिथे येऊन बसला होता.

यावरून कुणी कथा जोडू नका, मी फक्त सांगितलं.

बोरूबहाद्दर

'सन्हेरीब' नावाचा अर्थ काय हो?

दगडधोंडे

मूळ सिन-अह्हे-एरिबा. सिन म्हणजे चंद्रदेव. 'सिनने भावांची भरपाई केली.' आधीची मुलं गेली असणार, त्यानंतर झालेला.

खडूस_आजोबा

म्हणजे आपल्याकडचा धोंडू. माझ्या चुलत्यांचं नाव त्याच कारणाने धोंडू होतं. त्यांनी मात्र ४६ शहरं घेतली नाहीत, एक गिरणी घेतली तीही बुडाली.

साळुंकी

😂 आजोबा!

बरं, या सगळ्यात मला ग्रंथालयाचं कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत होते. सन्हेरीबचा नातू अशुरबनिपाल. त्याने राज्यभरातून मातीच्या पाट्या गोळा करवल्या: शकुन, वैद्यक, मंत्र, शब्दकोश, कथा. आज ब्रिटिश म्युझियममध्ये त्यातल्या पाट्या आणि तुकडे मिळून सुमारे ३०,००० आहेत. शत्रूने वाडा जाळला, पण पाट्या मातीच्या. कागद असता तर गेला असता, माती भाजून पक्की झाली.

जॉर्ज स्मिथ नावाचा मुलगा नोटांचे ठसे कोरायचं काम शिकत होता. जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन कीलाक्षरं शिकला. पुढे तिथेच नोकरी लागली. १८७२ मध्ये एका तुकड्यावर त्याला वाचायला मिळालं की जहाज डोंगरावर टेकलं आणि कबुतर सोडलं, ते बसायला जागा न मिळाल्यामुळे परत आलं. बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट, आणि तीही निनवेच्या राजाच्या कपाटात! म्हणतात की तो खोलीत धावत सुटला आणि अंगावरचे कपडे काढायला लागला. ३ डिसेंबर १८७२ ला त्याने ते जाहीर वाचून दाखवलं, पंतप्रधान ग्लॅडस्टन ऐकायला बसले होते. एका वर्तमानपत्राने हरवलेला भाग शोधायला पैसे दिले. स्मिथ निनवेला गेला आणि हजारो तुकड्यांच्या ढिगाऱ्यातून जलप्रलयाचा आणखी एक तुकडा काढला. (तो दुसऱ्याच प्रलयकथेचा होता हे नंतर कळलं.) १८७६ मध्ये तिसऱ्या सफरीत अलेप्पोला वारला. वय ३६.

आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा आहेच. कुणाची कुणाकडून आली हा वाद इथे नको, धागा भरकटेल.

बोरूबहाद्दर

तुम्हीच काडी टाकायची आणि तुम्हीच नको म्हणायचं.

गोदीवाला

मी माझगावात वाढलो. या विषयात मुंबई कुठे कुठे डोकावते ते सांगतो, कारण ते फारसं कुणी लिहीत नाही.

क्लॉडियस रिच कंपनीचा नोकर म्हणून मुंबईत आला आणि १८०८ मध्ये इथले रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या मुलीशी लग्न केलं. (एशियाटिक सोसायटीचं मूळ असलेली लिटररी सोसायटी याच मॅकिंटॉशने १८०४ मध्ये काढली.) लगेच बगदादला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गेला. १८२० मध्ये निनवेच्या टेकाडांची मोजणी केली. पुढच्या वर्षी शिराझला पटकीने गेला. त्याने जमवलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमने घेतल्या.

कीलाक्षरं उलगडणाऱ्यांतला मोठा माणूस हेन्री रॉलिन्सन, तोही १८२७ मध्ये मुंबईच्या फौजेत दाखल झाला. बोटीवर नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम सोबत होते, त्यांनी इराणचं वेड लावलं.

तिसरी गोष्ट माझी लाडकी. निमरूद आणि निनवे खणणाऱ्या लेयार्ड या इंग्रजाने निमरूदला सापडलेल्या वस्तू तराफ्यांवरून टायग्रिसने बसऱ्याला, तिथून बोटीने मुंबईला धाडल्या. सुएझ कालवा अजून व्हायचा होता, त्यामुळे इथून आफ्रिकेला वळसा घालून लंडन. १८४८ च्या सुमारास काही पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या, लोकांनी हौसेने बघितल्या आणि परत भरताना सगळी सरमिसळ झाली, बारीकसारीक वस्तू गायब. लेयार्डचा त्यावरून संताप झाला. काळा स्तंभलेखही, ज्यावर इस्राएलचा राजा येहू वाकलेला दाखवलाय, या प्रवासातून गेला. लंडनकरांच्या आधी तो आमच्या मुंबईकरांनी पाहिला!

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदचे असिरियन शिल्पपट्ट आजही आहेत. लंडनचं तिकीट परवडत नसेल त्यांनी काळा घोड्याला जावं.

वाटसरू_लंडन

गोदीवाले, हे माहीतच नव्हतं. बारीकसारीक वस्तू कुठल्या चोर बाजारात निघाल्या असतील देव जाणे.

दगडधोंडे

त्याला जोडून रस्साम यांचं सांगायलाच हवं.

होर्मुझ्द रस्साम, जन्म १८२६, मोसुलचाच खाल्डियन ख्रिस्ती. लेयार्डचा मदतनीस. लेयार्ड गेल्यावर त्यांनी काम पुढे नेलं. निनवेच्या मुख्य टेकाडाचा, म्हणजे कुयुंजिकचा उत्तर भाग फ्रेंचांसाठी सोडला होता. रस्सामना तिथेच वाडा असणार अशी खात्री. डिसेंबर १८५३ मध्ये विश्वासातली माणसं घेऊन रात्री, चांदण्यात, गुपचूप खणायला सुरुवात केली. काही रात्रींत भिंत लागली. अशुरबनिपालचा वाडा! सिंहाच्या शिकारीचे ते जगप्रसिद्ध पट्ट आणि ग्रंथालयाचा मोठा हिस्सा तिथे मिळाला.

नाव कुणाचं झालं? लेयार्डचं, रॉलिन्सनचं. पुढे म्युझियमच्या वॉलिस बजने रस्साम यांच्या नातलगांनी खणताना वस्तू पळवल्याचा आरोप पसरवला. रस्सामनी बदनामीचा दावा लावला आणि १८९३ मध्ये जिंकले, ५० पौंड मिळाले.

आणि मुंबई इथेही. मधल्या काळात रस्साम एडनला ब्रिटिशांच्या नोकरीत होते, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली. तिथून ॲबिसिनियाच्या राजाशी बोलणी करायला गेले तर त्यानेच कैदेत टाकलं. १८६८ मध्ये सोडवायला जी फौज गेली ती मुंबईच्या सेनापतीची, नेपियरची, हत्ती-बितींसकट.

खडूस_आजोबा

रात्री दुसऱ्याच्या हद्दीत खणणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. पण ५० पौंड हा अपमानच.

मीनल_कोट्टायम

नवऱ्याच्या बदलीमुळे केरळात आहे, म्हणून भर घालते. इथले सिरियन ख्रिस्ती लोक ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्याही आधी तीन दिवसांचा उपास पाळतात, तो निनवेकरांच्या उपासाची आठवण म्हणून. कुरविलंगाडच्या चर्चमध्ये लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. माणसं ते खांद्यावर घेऊन असं हेलकावतात की खरंच वादळ आल्यासारखं वाटतं. योनाचं जहाज. आपल्या पालखीची सवय असलेल्या माणसाला ते बघताना अजिबात परकं वाटत नाही.

बोरूबहाद्दर

आयसिसने निनवेची वाट लावली होती ना?

दगडधोंडे

हो. निनवेच्या दुसऱ्या टेकाडाचं नाव नबी युनूस, म्हणजे योनाच. वर मशीद होती, त्यात योनाची समजली जाणारी कबर. मुसलमानांनाही तो नबी. २४ जुलै २०१४ ला आयसिसने ती सुरुंग लावून उडवली. २०१५ मध्ये नेर्गल दरवाजावरच्या पंखवाल्या बैलाचा चेहरा ड्रिलने फोडतानाचा व्हिडिओ काढला. पुन्हा चेहराच.

२०१७ मध्ये त्यांना हाकलल्यावर कबरीखाली त्यांनीच खणलेली भुयारं सापडली. चोरून विकायच्या वस्तूंसाठी खणली होती. त्या भुयारांत सन्हेरीबचा मुलगा एसरहद्दोन याच्या काळचा वाडा उघडा पडला. मशीद होती म्हणून तिथे शेकडो वर्षं कुणाला नीट खणता आलं नव्हतं. २०२२ मध्ये मश्की दरवाजाशी इराकी आणि अमेरिकी चमूला सन्हेरीबच्या काळचे पट्ट मिळाले, अंजीर-डाळिंबाची झाडं, सैनिक. जमिनीच्या वरचा भाग घासून गेलेला, खाली पुरलेला भाग कालच कोरल्यासारखा.

नौगावची_पोर

वाटसरू, एक विचारायचं राहिलं. सन्हेरीबचं शेवटी काय झालं? आमच्या पुस्तकात आहे की देवळात पूजा करताना मुलांनीच मारलं.

वाटसरू_लंडन

खरंच मारलं, इ.स.पू. ६८१ मध्ये. बॅबिलोनी इतिवृत्तातही मुलाने मारल्याचं आहे, नाव नाही. बायबलात अद्रम्मेलेक आणि शरेसर अशी दोन नावं. अद्रम्मेलेक कोण ते बरीच वर्षं लागत नव्हतं. मग १९८० मध्ये सिमो पारपोला यांनी निनवेच्याच पाट्यांमधलं एक फुटकं पत्र नीट वाचून दाखवलं. त्यात कटवाल्या मुलाचं नाव आहे, अर्दा-मुलिस्सु. कानोकानी जाऊन त्याचं अद्रम्मेलेक झालं असणार.

म्हणजे तुमच्या पुस्तकाने खुन्याचं नाव, बोबडं का होईना, अडीच हजार वर्षं जपून ठेवलं होतं.

खडूस_आजोबा

बखर म्हणा, चालेल.

साळुंकी

वाटसरू, पुढच्या महिन्यात लेकीकडे येतेय. खोली नंबर द्या.

वाटसरू_लंडन

१० बी. शेजारच्या १० ए मध्ये सिंहाची शिकार आहे, तिथे गर्दी असते. लाखीशला आत शिरलात की समोरच्या भिंतीवर उतरणीवरची यंत्रं शोधा. पळीवाला बारीक आहे, पटकन दिसत नाही.